वजा टोकावरचा माइक

ऑकलंडमध्ये स्थायिक झालेल्या बेटवासीयांनी सभाघरासाठी अँप्लिफायर पाठवला तो एकच. आणि बेटाच्या बाजू मात्र दोन. वारेकाठ आणि तळेकाठ. एका बाजूला जे मिळेल ते दुसरीलाही तेवढेच मिळाले पाहिजे, हा नियम तिथे रविवारच्या प्रार्थनेइतकाच काटेकोरपणे पाळला जाई. मेजवानीत एका बाजूपुढे अकरा मासे मांडले तर दुसरीपुढेही अकराच मांडत, आणि बारावा सापडलाच तर तो पाद्रीसाहेबांच्या घरी पोचता होई. पण अँप्लिफायर म्हणजे काही मासा नव्हे. तो मोजून वाटता येईना आणि पाद्रीसाहेबांकडेही धाडता येईना.

साहजिकच ते काम सेमिसीकडे आले. सेमिसी सहासष्ट वर्षांचा, परदेशात सुव्हा शहराच्या तंत्रनिकेतनात शिकलेला. तीस वर्षे आपल्या देशाच्या राजधानीतल्या रेडिओ केंद्रात नोकरी करून तो पुन्हा पुलाकाचे कंद लावायला बेटावर परतला होता. जन्माने तो वारेकाठचा. त्यामुळे तळेकाठचे प्रमुख लापाना त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून समोर मांडी ठोकून बसले होते. वारेकाठचे प्रमुख तोमासी शेजारी होतेच. लापाना काय म्हणतात त्याच्या नेमके उलट म्हणण्यासाठी.

पेटीच्या मागे आवाज आत घेण्यासाठी तीन स्क्रू होते. एकावर अधिकाची खूण, दुसऱ्यावर वजाची आणि तिसरा अर्थिंगचा. सेमिसीने माहितीपुस्तक दोनदा वाचले. मग आपली जुनी वही उघडली, रेडिओ केंद्रातून निवृत्त होताना भेट मिळालेला मीटर काढला आणि रीतसर मोजमाप सुरू केले. वजा टोक अर्थिंगला जोडून अधिक टोकाला एक मिलिव्होल्ट दिला. बाहेर दोन व्होल्ट आले. म्हणजे दोन हजार पट. मग अदलाबदल केली. अधिक टोक अर्थिंगला जोडले आणि वजा टोकाला तेवढाच एक मिलिव्होल्ट दिला. बाहेर पुन्हा दोन व्होल्ट. पुन्हा दोन हजार पट.

"हे बघा," त्याने वही दोघांपुढे धरली. "दोन टोकं, दोन्हींची वाढ सारखी. वारेकाठचा माइक अधिक टोकाला, तळेकाठचा वजा टोकाला, दोघांची दुसरी तार अर्थिंगला. वाटणी चोख झाली."

"आम्हाला वजा?" लापानांनी भुवया चढवल्या. "तू वारेकाठचा म्हणून अधिक तिकडे गेलं होय रे?"

"वजा म्हणजे कमी नव्हे, लापाना. जी लाट आधी वर जायची ती आधी खाली जाते, इतकंच. कानाला ते समजत नाही."

"लापानाच्या कानाला काहीच समजत नाही," तोमासी म्हणाले. "समजत असतं तर चाळीस वर्षं तो असा गायला असता का?"

"तुझ्या बाजूला सूर लागत नाही म्हणून तर माइक मागवावा लागला!"

"दोन हजार," सेमिसी शांतपणे म्हणाला, "आणि दोन हजार." लापानांनी वही हातात घेतली, दोन्ही आकडे बोटाने चाचपून पाहिले आणि मोठ्या मनाने वजा टोक स्वीकारले.

शुक्रवारी तालीम झाली. वारेकाठाने गाणे म्हटले, मग तळेकाठाने. पद्धतीप्रमाणे आळीपाळीने, एकमेकांना चढाओढीने मागे टाकत. छपराखालचे चार भोंगे आणि बाहेर नीरफणसाच्या झाडावरचे दोन खणखणीत वाजले. सेमिसीला विशेष कौतुक वाटले ते एका गोष्टीचे. सौर बॅटऱ्यांच्या यंत्राची जी घरघर जुन्या पेटीतून सतत ऐकू यायची, ती या पेटीतून मुळीच येत नव्हती. पेटी उत्तम आहे, असा निष्कर्ष त्याने वहीत नोंदवला. घरघर गेली कुठे, हा प्रश्न खरे तर त्याला तेव्हाच पडायला हवा होता.

एवढी काळजी घेण्याचे कारण शनिवारचा समारंभ. सिनापाती बाई बेट सोडून निघाल्या होत्या.

बाई ब्याऐंशी वर्षांच्या. बेटावरच्या शाळेत त्यांनी एकोणचाळीस वर्षे शिकवले. आता त्यांची मुलगी त्यांना ऑकलंडला घेऊन जाणार होती, आणि या वयात गेलेले माणूस परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणी बोलत नव्हते इतकेच. गेल्या वर्षी सुव्हाला त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आवाज उरला होता तो कुजबुजीएवढा. डॉक्टरांनी बोलणे जपून करायला सांगितले होते. दहा मिनिटे बोलल्या की तो कुजबुजता आवाजही बसे, आणि मग दोन दिवस पाटीवर लिहून संसार चाले. तरीही निरोपाचे चार शब्द आपण स्वतःच बोलणार, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार नाही, असे त्यांनी कळवले होते. ते चार शब्द सभाघरात, बाहेर फणसाखाली आणि ज्यांना अंथरूण सोडवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या घरांपर्यंत पोचवायचे, ही जबाबदारी सेमिसीची.

दुसऱ्या कुणाला ते काम वाटले असते. सेमिसीला ते ऋण वाटत होते. त्याच्या बापाच्या मनात त्याला जहाजावर खलाशी करायचे होते. त्याला सुव्हाला शिकायला पाठवा म्हणून बाई सलग सहा संध्याकाळी येऊन ओसरीत बसल्या. बाप बोलेना, बाईही बोलेनात. सातव्या संध्याकाळी बाप म्हणाला, "घेऊन जा त्याला, पण माझी ओसरी सोडा." सुव्हाला गेल्यावर पहिल्याच सत्रात सेमिसी गणितात नापास झाला. त्याने ते फक्त बाईंना कळवले. पुढच्या जहाजाने दहा गणितांचा कागद आला. त्याने सोडवून परत पाठवला; त्याच्या पुढच्या जहाजाने तो तांबड्या पेन्सिलीच्या खुणांसह परत आला आणि सोबत नवी दहा. असे तीन वर्षे चालले. या सगळ्याबद्दल त्याने बाईंचे आभार कधी मानले नव्हते. मानायचे कसे, तेच त्याला उमगले नव्हते. भोंग्यांची जोडणी करताना, प्रत्येक स्क्रू आवळताना, ते मात्र त्याच्या मनात होते.

शनिवारी दुपारी सभाघर भरले. एका अंगाला वारेकाठ, दुसऱ्या अंगाला तळेकाठ, मध्ये रिकाम्या चटया. खडकांच्या रांगेपलीकडे जहाज उभे होते. भरतीच्या वेळीच खाडीतून छोटी होडी बाहेर काढता येई आणि भरती चार वाजता ओसरू लागणार होती. भाजलेले मासे, पुलाकाचा गोडसर लगदा, नारळ, सगळे दोन्ही बाजूंना मोजून झाले. गाणी झाली. भोंगे छान वाजले. साडेतीन वाजता बाई उठल्या.

त्या कुठे बसतील यावर आधी चर्चा झालेली होती. जन्म तळेकाठचा, लग्न वारेकाठात, हक्क दोघांचाही. तेव्हा त्या अगदी मधोमध बसल्या. तोमासी आपल्या बाजूचा माइक घेऊन आले, लापाना आपल्या बाजूचा. दोघांनी गुडघे टेकले आणि दोन्ही माइक शेजारी शेजारी बाईंच्या ओठांपुढे धरले. एवढा मान बेटावर याआधी कुणाला मिळाला नसेल. बाईंनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि बोलू लागल्या.

भोंग्यांतून काहीच आले नाही.

अगदीच काही नाही असे म्हणता येणार नाही. सुईने पत्रा ओरखडावा तशी चिरचिर मधूनमधून येत होती. शब्द मात्र एकही नव्हता. लोक अदबीने गप्प बसले. त्यांना वाटले, बाईंचा आवाजच आता एवढा राहिला. पुढच्या ओळीतल्या बायका डोळे टिपू लागल्या. सेमिसीने आवाजाचे बटण आणखी फिरवले. ते शेवटाला जाऊन थांबले. चिरचिर तेवढी वाढली. तारा जागच्या जागी होत्या, दिवा लागलेला होता. क्षणापूर्वी याच पेटीतून साठ माणसांचे गाणे गेले होते. आणि बाईंचा आवाज प्रत्येक शब्दागणिक खर्च होत होता.

तेवढ्यात तोमासींना शिंक आली. माइक हातात असताना शिंकू नये एवढे भान त्यांना होते. त्यांनी तोंड आणि माइक दोन्ही पाठीमागे नेले.

"—पहिल्या दिवशी शाळेला छप्पर नव्हतं," सहाही भोंगे एकदम बोलले.

सभाघर दचकले. फणसावरचे पक्षी उडाले. तोमासींनी ओशाळून माइक पुन्हा पुढे आणला आणि बाईंचा आवाज पुन्हा नाहीसा झाला.

"तोमासी, शिंक परत एकदा!" मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "तोमासी, बाजूला हो," त्या म्हणाल्या. भोंगे बोलले, "बाजूला हो." "ये जवळ." शांतता. "लापाना, आता तू हो बाजूला." भोंगे पुन्हा बोलले. "दोघेही या." पुन्हा शांतता. मग त्यांनी पेटीकडे बोट करून सेमिसीला खुणावले.

बसलेल्या माणसांपुढून जाताना वाकावे लागते, म्हणून सेमिसी कंबरेत वाकून गेला आणि चटईवर त्यांच्यापुढे टेकला. शेवटची ओळसुद्धा मान ताणून पाहत होती. त्याला आपण नऊ वर्षांचे आहोत असे वाटले.

"एक आणि एक किती?" बाईंनी विचारले.

"दोन, बाई."

"एकेक माइक धरला तर ऐकू येतं. दोन्ही धरले तर इथे किती होतात?"

"शून्य."

"मग ही बेरीज आहे का?"

माहितीपुस्तकातले वाक्य त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ही पेटी दोन टोकांमधला फरक दोन हजार पटीने वाढवते. त्याने ते दोनदा वाचले होते. मोजताना एक टोक अर्थिंगला होते, म्हणजे तिथे शून्य होते. एकातून शून्य गेले की एक उरणारच. तालमीतही एक बाजू गाताना दुसरीचा माइक गप्पच होता. घरघर गेली होती तीही त्यामुळेच. दोन्ही तारांत ती सारखी शिरत होती आणि सारख्यातून सारखे वजा होत होते. आज शून्याच्या जागी दुसरा माइक होता, आणि त्यातही बाईंचाच आवाज.

"वजाबाकी आहे, बाई," तो म्हणाला. "पेटी एवढंच करते. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. दोन्हींकडून एकच माणूस बोलेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"कसं येईल? इथे मध्ये बसतंय कोण!" लापाना म्हणाले. दोष आपल्या माइकचा नाही हे कळल्यामुळे त्यांचा स्वर मऊ झाला होता.

"मग एक माइक काढून घे," मागच्या कुणीतरी सुचवले.

"कुणाचा?" तोमासी आणि लापाना एकाच वेळी म्हणाले, आणि तो मार्ग तिथेच बंद झाला. शिवाय सेमिसीने मघाशी नीट ऐकले होते. बटण शेवटाला असतानाही एका माइकवर बाईंचा आवाज फणसाखालच्या माणसांपुढे जात नव्हता. पलीकडच्या घरांपर्यंत तो जाणार नव्हता. जहाजाने एकदा भोंगा दिला.

"वजाबाकी थांबवता येते?" बाईंनी विचारले. आवाज आता आणखी खरखरीत झाला होता.

"नाही, बाई. ती पेटीच्या पोटातच आहे."

"मग राहू दे तिला पोटात." बाई दम घेण्यापुरत्या थांबल्या. "तुला मी वर्गात फळ्याकडे पाठ करून उभा केला होता. म्हटलं, पाच पावलं मागे जा. कुठे पोचलास?"

"फळ्यापाशी."

"मागे जायला सांगूनही पुढे का आलास?"

"कारण तोंड आधीच उलटं होतं," सेमिसी म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. मग अगदी हळू, जणू कुणी ते पुसून टाकील या भीतीने, त्याने मनातल्या मनात गणित मांडले. एका टोकाला एक. दुसऱ्या टोकाला एक नव्हे, उणे एक. एकातून उणे एक गेला, की दोन. दोन हजाराची वाढ मग एका माइकच्या हिशेबाने चार हजार. आणि विजेचा दाब दुप्पट म्हणजे भोंग्यांत जाणारी ताकद चौपट.

"एका माइकच्या दोन तारा उलटायच्या," तो उठतच म्हणाला. "पेचकस! दोनच स्क्रू आहेत!"

"आमच्या उलट कर," तोमासी म्हणाले. 

"का म्हणून? बाईंसाठी उलटायच्या तर आमच्या उलटू दे!" लापानांनी माइक छातीशी धरला.

"बरं, मग दोन्हींच्या उलट," तोमासींनी तडजोड सुचवली. "सारखी वाटणी."

सभाघराने माना डोलावल्या. एवढी समंजस तडजोड दोघांमध्ये कित्येक वर्षांत झाली नव्हती. सेमिसीने मात्र कपाळाला हात लावला.

"नाही हो! दोन्ही उलटल्या तर पुन्हा शून्य! एकच. फक्त एक."

आयुष्यात पहिल्यांदाच तो दोन्ही बाजूंना वाटणी असमान होईल असे तोंडावर सांगत होता. चटयांवरून कुजबुज उठली. एकाच बाजूच्या उलटायच्या, तर दुसऱ्या बाजूने काय करायचे? त्या बाजूने बाईंसाठी काय दिले असे व्हायचे? तोमासी आणि लापाना दोघेही आपापला माइक घट्ट धरून बसले. जहाजाचा दुसरा भोंगा झाला.

"लापाना," बाई म्हणाल्या.

"हां, बाई."

"तू बाकावर कसा बसायचास?"

लापाना, वय वर्षे सत्तर, तेरा नातवंडांचे आजोबा, खाली पाहू लागले. "उलटा, बाई."

"रोज सांगूनही?"

"रोज सांगूनही."

"तुझ्याच उलटू दे."

वारेकाठ जितके हसले तितकेच तळेकाठही हसले. तोमासी सगळ्यांत जास्त हसले, आणि हसता हसता त्यांनी लापानांच्या पाठीवर थाप मारली. सेमिसी तोवर पेटीमागे पोचला होता. वजा टोकावरची तार काढली, त्याच माइकची अर्थिंगवरची काढली, त्यांच्या जागा बदलल्या. घाईत दुसरा स्क्रू दोनदा निसटला. मग तो आवळला गेला. सवयीने त्याने बटण शेवटापासून जरासे मागे घेतले आणि मान हलवली.

दोन्ही माइक पुन्हा शेजारी शेजारी आले.

"आता?" बाई म्हणाल्या.

तो शब्द छपराखालून घुमला, फणसावरून निघाला आणि माडांच्या पलीकडे गेला. कुजबुजच होती ती, पण एखाद्याने कानाशी लागून बोलावे तशी प्रत्येकाच्या जवळ. बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. बायकांनी पदर ओढावा तसे डोक्यावरचे फुलांचे मुकुट सारखे केले आणि ताठ बसल्या. सेमिसीने बटणावर बोट ठेवून अगदी थोडे पुढे सरकवले. शेवटापर्यंत नेण्याची गरजच उरली नव्हती.

बाईंनी कागदाकडे पाहिले. दोन्ही बाजू भरून लिहिलेला होता. त्यांनी गळ्याला हात लावला, आत किती शिल्लक आहे याचा जणू अंदाज घेतला आणि कागदाची घडी करून बाजूला ठेवली.

"एवढं सगळं आता होणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत. नवरा गेला तेव्हा माझ्या दारात मासा रोज कोण ठेवून जात होतं, ते मला आजतागायत कळलं नाही. एक दिवस वारेकाठ ठेवायचं आणि एक दिवस तळेकाठ, असा माझा संशय आहे. दोघांचेही आभार. आता हजेरी घेते. माझा पहिला वर्ग."

वही नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

"पुआ."

"हजर, बाई!" फणसाखालून बाईमाणसाचा आवाज आला.

"तोमासी."

"हजर!" त्यांच्या हातात माइक होता. सहाही भोंगे "हजर" म्हणाले आणि मुले खिदळली.

"लापाना."

"हजर, बाई."

"सरळ बसलायस?"

"सरळ बसलोय."

"आलोफा." आलोफा नऊ वर्षांपूर्वी समुद्रात बुडून गेला होता. मग वारेकाठातून त्याची मुलगी उठली. "त्यांच्या वतीने हजर आहे, बाई." बाईंनी मान हलवली.

"तेफोतो."

उत्तर नाही. तेफोतो दोन वर्षे अंथरुणावर होता. त्याचे घर चर्चच्या पलीकडे, बेटाच्या टोकाशी. सेमिसीने भोंग्यांची दिशा, माडांची दाटी, वाऱ्याचा जोर, सगळे पुन्हा एकदा मनात ताडून पाहिले. सभाघर इतके शांत झाले की खडकांवरच्या लाटा ऐकू आल्या. मग फार लांबून, वाऱ्यावर तुटत तुटत, म्हाताऱ्या गळ्यातून एक हाक आली.

"ह-ज-र!"

कुणीतरी हुंदका दिला. बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला.

"सेमिसी."

सेमिसी पेटीमागे उभा होता. सगळी सभा त्याच्याकडे वळली. गेली पन्नास वर्षे जे बोलायचे राहिले होते ते आताही राहून गेले.

"हजर," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"साऱ्या बेटाला ऐकवतो आणि स्वतः मात्र मुका!" तोमासी माइकमध्ये म्हणाले. लोक हसले. सेमिसीने पेचकस खाली ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि सभाघराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "हजर, बाई! आणि मी तुमचा फार फार आभारी आहे!"

बाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले. खाडीतून होडीवाल्याची हाक आली. पाणी उतरू लागले होते.

"हजेरीत तेवढं सगळं बोलायचं नसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचे नाव घेतले.